न्यूट्रिनो वेधशाळा होणार की नाही, ते आता सांगा

प्रति,
अणुऊर्जा विभाग, तसेच विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग,
भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी कराडला राहतो. एकतीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. हे पत्र आपल्या दोन्ही विभागांना मिळून लिहितो आहे, कारण भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची, म्हणजे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपण्यासाठी डोंगराखाली बांधायच्या प्रयोगशाळेची, जबाबदारी आपण दोघांनी मिळून घेतली होती. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर केले. त्या बातमीचं कात्रण मी वर्गातल्या फळ्याशेजारी लावलं होतं. तेव्हा समोरच्या बाकांवर बसलेली मुलं आता तिशीला आली. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या त्या डोंगरात अजून बोगद्याचं तोंडही पडलेलं नाही, आणि प्रकल्प सोडून दिला असंही कुणी सांगत नाही. माझी तक्रार या न सांगण्याबद्दल आहे.

माझा या सगळ्याशी संबंध काय, ते आधी सांगतो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्ही वर्गात मेघकक्ष बनवला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या वाटा दाखवणारी पेटी. मासे ठेवायची जुनी काचेची टाकी, तिच्या तळाशी फेल्टच्या कापडाची पट्टी चिकटवलेली, ती पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेली. टाकी उलटी करून काळा रंग दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवली आणि पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. हा ड्राय आइस दोन मुलांनी कोल्हापूरच्या एका आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलच्या खोक्यात घालून मोटारसायकलवरून आणला होता. खिडक्यांना चादरी लावल्या, बाजूने टॉर्च धरला. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग पत्र्यालगत बारीक तुषारांचा थर धरला आणि त्यात एकदम एक पांढरी रेघ उमटली, कोळ्याच्या धाग्याएवढी. क्षणभर राहिली आणि विरली. लगेच दुसरी. मग एक जाड, आखूड. चाळीस मुलांचा वर्ग, पण कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

एका मुलीने विचारलं, "सर, हे कुठून येतंय?" मी म्हटलं, बरंचसं आकाशातून. अंतराळातून येणारे कण हवेवर आदळतात, त्यातून म्यूऑन तयार होतात आणि ते थेट छपरातून आत येतात. तळहात आडवा धरलास तर साधारण सेकंदाला एक तरी त्यातून जातो. तिने खरोखरच हात पुढे केला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसली. आज ती परदेशातल्या एका न्यूट्रिनो प्रयोगावर काम करते. स्वतःच्या हौसेने गेली, तिथे तिचं चांगलं चाललंय. पण दर दिवाळीला फोन आला की एक प्रश्न असतोच: "सर, आपल्याकडचं कुठवर आलं?" मला दरवर्षी तेच उत्तर द्यावं लागतं, आणि आता ते द्यायला जीभ रेटत नाही.

ज्यांना या विषयाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण हे पत्र त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. आपला हात, ही टाकी, समोरचा सदाशिवगड, सगळं अणूंचं. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि त्यांच्याही आत क्वार्क. अप आणि डाऊन हे दोन क्वार्क आणि एक इलेक्ट्रॉन, एवढ्या तीन विटांवर आपल्या हाताला लागणारं सगळं उभं आहे. निसर्गाने एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण त्याने याच कुटुंबाच्या आणखी दोन जड आवृत्त्या काढल्या. आमच्या टाकीतला म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच भाऊ, वजनाने सुमारे २०७ पट. तीन पिढ्या का, दोन का नाहीत, चार का नाहीत, हे आजही कुणाला माहीत नाही.

या कुटुंबातला सगळ्यात अबोल सदस्य म्हणजे न्यूट्रिनो. १९३० मध्ये वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने तो कागदावर मांडला, तो सापडायला १९५६ उजाडलं. सूर्यातून निघालेले सहा हजार कोटींहून जास्त न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात, रात्रीसुद्धा, पृथ्वीच्या पोटातून येऊन. त्याचेही तीन प्रकार, आणि तो वाटेत एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतो. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे या भूमिगत प्रयोगाने हे दाखवलं, मग कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने सूर्याच्या न्यूट्रिनोंबद्दल तेच सिद्ध केलं, आणि २०१५ चं नोबेल काजिता आणि मॅकडॉनल्ड यांना मिळालं. असा बदल व्हायचा तर वस्तुमान हवं. मूलकणांचा जो तक्ता आपण शिकवतो, त्याच्या मूळ मांडणीत न्यूट्रिनोला वस्तुमानच नव्हतं. म्हणजे इतक्या घट्ट बांधलेल्या भिंतीत जी एक फट नक्की दिसली आहे, ती इथे आहे. या तिघांपैकी सर्वांत जड कोण, हलका कोण, हा क्रम अजून पक्का ठरलेला नाही. तो शोधण्यासाठी आपली वेधशाळा होती.

ती डोंगराखाली का हवी? तर मेघकक्षात दिसलेल्या त्या म्यूऑनांमुळे. लग्नघरात कुणी कानात सांगितलेलं ऐकायचं असेल तर शेवटच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं लागतं. किलोमीटरभर जाडीचा खडक हे ते दार. म्यूऑनांचा गलका खडकात जिरतो, न्यूट्रिनो येत राहतात.

आता आपण काय गमावलं ते आठवा. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २,३०० मीटरवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांबरोबर वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची खूण टिपली. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम, रमण मूर्ती, मियाके, वोल्फेंडेल ही त्यातली काही माणसं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचा गट हेच करत होता, आणि दोन्हींचे निबंध त्याच ऑगस्टमध्ये, जेमतेम पंधरा दिवसांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. आधी आपला. त्या खोलीवरचा उकाडा, पिंजऱ्यातून खाली जाणं, खाणकामगारांच्या वेळापत्रकावर आपलं काम बसवणं, हे सगळं सोसून त्यांनी ते केलं. पुढे ऐंशीच्या दशकात तिथेच प्रोटॉनचा ऱ्हास होतो का, हे पाहण्यासाठी १४० टन लोखंडाचा प्रयोग उभा राहिला. २००१ मध्ये खाण बंद झाली, पंप थांबले, पाणी चढलं आणि जगातल्या सर्वांत खोल प्रयोगशाळांपैकी एक त्याखाली गेली.

अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीचंही जवळपास त्याच काळात तसंच झालं होतं. ती खाणही बंद झाली, पंप थांबले, पाणी भरलं. सूर्याचे न्यूट्रिनो पहिल्यांदा मोजले गेले ते तिथेच, रे डेव्हिस यांच्या प्रयोगात. त्यांनी खाण सोडून दिली नाही. पाणी उपसून काढलं, तिथे सॅनफर्ड भूमिगत प्रयोगशाळा उभारली, आणि २०२४ मध्ये ड्यून या अवाढव्य न्यूट्रिनो प्रयोगासाठी लागणाऱ्या गुहांचं खोदकाम पूर्णही केलं. त्या ड्यूनमध्ये आपले शास्त्रज्ञ काम करतात, याचा मला आनंद आहे. पण कोलारचं पाणी का उपसलं नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. ती खाण न्यूट्रिनोसाठी पुन्हा उघडणं तांत्रिकदृष्ट्या किंवा खर्चाच्या दृष्टीने अशक्य असेलही. तसं असेल तर त्याची कारणं लोकांसमोर यायला हवी होती. ही पहिली तक्रार.

दुसरी तक्रार जागा निवडण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि यात मी आपल्या विरोधकांच्या बाजूने बोलणार आहे. आधी निलगिरीत सिंगारा ही जागा ठरली. ती मुदुमलाईच्या वाघांच्या राखीव जंगलाला लागून, हत्तींच्या वाटेवर. २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला. त्यातून शिकून पुढच्या जागेच्या वेळी जंगल, पाणी आणि गाव यांचा विचार पहिल्या पानावर यायला हवा होता. पुढची जागा थेनी जिल्ह्यातले बोडीच्या पश्चिमेकडचे डोंगर, पोट्टिपुरम गावाजवळ, मथिकेट्टान शोला राष्ट्रीय उद्यानापासून पाच किलोमीटरच्या आत. २०१७ मध्ये हरित लवादाने पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली. २०१८ मध्ये ती 'विशेष बाब' म्हणून दिली गेली. कायदेशीर भाषेत ते बसलं असेल, पण त्या गावात त्याचा अर्थ एकच निघाला: आम्हाला वगळून ठरवलं. आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणारी माणसं आहोत. कोयनेच्या धरणाने उठवलेली कुटुंबं आमच्या तालुक्यात, आमच्या वर्गात होती. देशाच्या कामासाठी जागा द्या म्हटल्यावर गावकऱ्याच्या पोटात का गोळा येतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तो डोंगर याच पश्चिम घाटाचा आहे.

त्यातून अफवा पसरल्या. किरणोत्सारी कचरा पुरणार, धरणं फुटणार, न्यूट्रिनोंनी माणसं आजारी पडणार. यातलं न्यूट्रिनोंचं भय पूर्ण निराधार आहे. वेधशाळा न्यूट्रिनो तयार करणार नव्हती. ते आधीच आपल्या सगळ्यांच्या अंगातून जात आहेत, ती फक्त मोजणार होती. यंत्र म्हणजे लोखंडाचे पत्रे आणि काचा. पण सुरुंगांचे हादरे, लाखो टन राडारोडा कुठे टाकणार, ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, वन्यप्राण्यांच्या वाटेचं काय, हे प्रश्न अफवा नव्हत्या. खोट्या भीतीला आणि खऱ्या प्रश्नाला एकाच पिशवीत घालून 'विज्ञानविरोध' म्हणणं, ही चूक आपल्याकडच्या बऱ्याच शिकलेल्या माणसांनी केली. मीही काही वर्षं केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने हा प्रकल्प आम्हाला नको, असं प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयात दिलं. त्याचं दुःख मला झालं, आश्चर्य नाही.

तिसरी तक्रार वेळेची, आणि ती मला सगळ्यांत जास्त टोचते. हा इतिहास आपल्याला नवा नाही. १९४० च्या आसपास दार्जिलिंगच्या उंचीवर देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी फोटोच्या काचपट्ट्यांवर अंतराळातून येणाऱ्या कणांच्या रेषा टिपत होते. त्यांची पद्धत बरोबर होती. महायुद्धामुळे हव्या त्या दर्जाच्या पट्ट्या मिळाल्या नाहीत, आणि काम तिथेच अडलं. पुढे त्याच पद्धतीने, सुधारलेल्या पट्ट्या वापरून, इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाने पायऑन हा नवा कण शोधला आणि १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. बिभाताई नंतर टाटा संस्थेत आल्या, कोलारच्या कामातही होत्या. त्या वेळी युद्ध होतं, कुणाला दोष देता येत नाही. आज युद्ध नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात जुनो हा न्यूट्रिनो प्रयोग सुरू झाला. जमिनीखाली ७०० मीटर, २०,००० टन द्रवाने भरलेला प्रचंड गोल. नोव्हेंबरमध्ये त्याचे पहिले निकालही आले. त्याचं मुख्य उद्दिष्ट तेच, न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम. जपानमध्ये हायपर-कामिओकांदेची गुहा खोदून झाली आहे. आपल्या यंत्राची कल्पना या सगळ्यांपेक्षा वेगळी होती, आणि मला ती फार देखणी वाटते: ५०,००० टन लोखंडाच्या पत्र्यांचे दीडशेच्या आसपास थर, सगळ्यांना चुंबकत्व दिलेलं, मधल्या फटींत सुमारे २९,००० काचेचे डिटेक्टर. न्यूट्रिनो लोखंडात आदळला की म्यूऑन निघणार, आणि चुंबकामुळे धन एकीकडे आणि ऋण दुसरीकडे वळणार. त्या वळणावरून न्यूट्रिनो होता की प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे त्याचा प्रतिकण, हे कळणार. पृथ्वीच्या पोटातून येताना दोघांवर वेगळा परिणाम होतो, आणि क्रम तिथे उघड होतो. द्रवाच्या गोलाला हे वेगळेपण असं दिसत नाही. आपलं यंत्र तयार व्हायच्या आत दुसऱ्यांनी क्रम सांगून टाकला, तर या यंत्राचं काम काय उरेल, हेही आता उघडपणे मांडायला हवं. मी या यंत्राच्या प्रेमात असलो तरी हा प्रश्न मला टाळता येत नाही, आणि आपल्यालाही टाळता येऊ नये.

मी ते डिटेक्टर जवळून पाहिलेत. काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या सुमारास मुलांना घेऊन मुंबईला गेलो होतो. आपल्या खिडकीला असते तसली तीन मिलिमीटरची साधी काच. तशा दोन काचा, मध्ये दोन मिलिमीटरची फट, ती फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून शर्टाच्या गुंडीएवढे ठोकळे ठरावीक अंतरावर चिकटवलेले. बाहेरून काळा ग्राफाइटचा थर, फटीत वायू, आणि सुमारे दहा हजार व्होल्ट. असे बारा डिटेक्टर एकावर एक रचले होते. म्यूऑन गेला की पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपके एका ओळीत लागायचे. एका मुलाने तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं, "काका, हे तुम्ही केलंत?" तो माणूस इतका मनापासून "हो" म्हणाला! त्याने मग त्या गुंड्या चिकटवताना डिंक जास्त झाला तर काय होतं आणि कमी पडला तर वायू कुठून गळतो, हे पाऊण तास सांगितलं. हे ज्ञान पुस्तकात नाही, त्या हातांत आहे. ते हात निवृत्त होत आहेत.

मदुराईला ८५ टनांचं लहान रूप २०१८ पासून चालतंय, म्हणजे पूर्ण यंत्राच्या सहाशेव्या हिश्श्याएवढं. जादूगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटरवर छोटी प्रयोगशाळा आहे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे आपण २०१७ पासून सहयोगी सदस्य आहोत, तिथल्या सीएमएस प्रयोगासाठी आपण डिटेक्टर बनवून दिलेत. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण घरचा मोठा प्रश्न घेऊन बसायला घरची जागा लागते.

म्हणून माझ्या मागण्या. त्या मी साध्या शब्दांत लिहितो.

पोट्टिपुरमचा प्रकल्प चालू आहे की सोडला आहे, याचं लेखी उत्तर द्या, तारखेसह. न्यायालयात प्रकरण असेल तर त्यातली आपली भूमिका काय, तेही सांगा. 'विचाराधीन' हे उत्तर धरू नका.

आजवर किती खर्च झाला, कशावर झाला, त्यातून काय तयार आहे आणि ते कुठे ठेवलं आहे, याची श्वेतपत्रिका काढा. ती इंग्रजीत काढून थांबू नका.

जुनो, ड्यून आणि हायपर-कामिओकांदे यांच्या पार्श्वभूमीवर आपल्या यंत्राचं वैज्ञानिक उद्दिष्ट नव्याने तपासा. त्या समितीत प्रकल्पाबाहेरचे भौतिकशास्त्रज्ञ ठेवा, आणि अहवाल प्रसिद्ध करा. उद्दिष्ट बदलावं लागलं तर बदला.

दुसरी जागा शोधायची असेल तर आधी गावात जा, मग नकाशावर खूण करा. पूर्ण जनसुनावणी घ्या आणि 'विशेष बाब' हा मार्ग पुन्हा वापरू नका. जुन्या खाणी, आधीच खोदलेले बोगदे यांचा विचार झाला आहे का, आणि नाकारले असतील तर का, हे लिहून द्या.

या प्रकल्पासाठी २००८ पासून शिकवून तयार केलेल्या संशोधकांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी पाच वर्षांची तरी ठाम तरतूद करा. मदुराईचं यंत्र कुणाच्या निवृत्तीबरोबर थांबू देऊ नका. ज्या तंत्रज्ञांनी कोलारपासून काम केलं, त्यातले जे आहेत त्यांच्या तोंडून त्यांच्या पद्धती नोंदवून घ्या. याला खर्च फारसा नाही, पण उशीर आधीच झालाय.

शेवटची मागणी माझ्या वर्गातली आहे. एक टाकी, एक पत्रा, थोडा अल्कोहोल आणि चार किलो ड्राय आइस. प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी शाळेला हे साहित्य आणि ते वापरणारा शिक्षक द्या. थेनीच्या शाळांपासून सुरुवात करा.

आणि या पत्राचं उत्तर द्याल तेव्हा ते आधी तमिळमध्ये, पोट्टिपुरमच्या ग्रामपंचायतीला पाठवा. आम्हाला मराठीत नंतर मिळालं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
कराड, जिल्हा सातारा